कपाटाचं कुलूप उघडा

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. अकरावीत फिजिक्सला ७८ गुण होते, सहामाहीत ५२ पडले. पाच महिने पायथन या प्रोग्रामिंग भाषेत 'स्वतःचा डेस्कटॉप' (संगणक सुरू केल्यावर दिसतो तो खिडक्या-मेनूंचा पडदा) बनवत होता. त्यापायी लॅपटॉपवरचं विंडोज पुसून लिनक्स टाकलं, त्यात माझ्या दुकानाचे हिशेब गेले. दीड महिन्यापासून लॅपटॉप कपाटात कुलूपबंद आहे. हिंजवडीतले एक परिचित म्हणतात, डेस्कटॉप सी भाषेतच होतो, पायथन म्हणजे पोरखेळ. सीईटी झाली की त्याला सी प्लस प्लसच्या क्लासला घालायचं आम्ही ठरवलं आहे. योग्य होईल का?
– एक पालक, सिंहगड रोड

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात गुण आहेत, क्लास आहे, परिचित आहेत, हिशेब आहेत. मुलगा काय म्हणतो, हे मात्र कुठेच नाही. 'आम्ही ठरवलं' म्हणता, त्या 'आम्ही'त तो आहे का?

हिशेब गेल्याचा राग रास्त आहे. बॅकअप न घेता घरचा लॅपटॉप पुसणं ही साधी चूक नव्हे. बिलं समोर घेऊन ते हिशेब त्यानेच तुमच्या शेजारी बसून पुन्हा भरावेत. पण त्या एका चुकीच्या आडून तुम्ही अख्खा विषयच बंद करून टाकलात. बरं, दीड महिन्यात फिजिक्स सुधारलं का? सुधारलं असतं तर तुम्ही तेही लिहिलं असतंत. ५२ गुणांची उत्तरपत्रिका एकदा मागवून पाहा. गणितं चुकलीत की सिद्धता लिहायच्या राहिल्यात, हे त्यात दिसेल. लॅपटॉपच्या कुलपात दिसणार नाही.

आता त्या परिचितांचं. डेस्कटॉप म्हणजे एक प्रोग्राम नव्हे, थर असतात. पडद्यावर प्रत्यक्ष चित्र उमटवणारा डिस्प्ले सर्व्हर (इथे एक्स सर्व्हर) सी-मध्ये आहे आणि तो तयारच मिळतो. त्याच्यावर खिडक्यांची जागा आणि आकार ठरवणारा विंडो मॅनेजर, घड्याळ-बॅटरी दाखवणारी पट्टी म्हणजे पॅनेल, मेनू, सूचना दाखवणारा भाग. वरच्या थरांचं बहुतेक काम वाट पाहण्याचं असतं : कळ दाबली, खिडकी उघडली, आता ती कुठे ठेवायची? असे निर्णय सेकंदाला फार तर काही डझन घ्यावे लागतात, त्याला पायथनचा वेग भरपूर झाला. लिनक्सवरच्या जीनोम या मोठ्या डेस्कटॉपचं उदाहरण घ्या : त्याच्या जीनोम शेलचा दिसणारा भाग मुख्यतः जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे, खालचं इंजिन सी-मध्ये. लिनक्स मिंटच्या सिनॅमन या डेस्कटॉपची मांडणीही तशीच. क्यूटाइल हा विंडो मॅनेजर तर जवळजवळ पूर्ण पायथनमध्ये आहे. तेव्हा पोरखेळ हा शब्द परिचितांनी परत घ्यावा. सी त्याला एक दिवस लागेलच, पण आपण वापरतो त्या लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडच्या आत डोकावावंसं वाटेल तेव्हा. सुट्टीतल्या क्लासची फी तूर्त राहू द्या.

मुलालाही दोन शब्द सुनवायचे आहेत. घरच्या लॅपटॉपच्या चालत्या डेस्कटॉपवर थेट प्रयोग करायची गरजच नव्हती. झेफिर नावाचा प्रोग्राम चालत्या लिनक्समध्ये एका खिडकीत दुसरा एक्स सर्व्हर उघडतो; १२८० बाय ७२० पिक्सेलची खिडकी पुरते. आपला विंडो मॅनेजर तिथे चालवायचा, कोसळला तर फक्त ती खिडकी जाते. बाहेरचा डेस्कटॉप शॉर्टकट मध्येच पळवत असेल तर कंट्रोल-शिफ्ट दाबून कीबोर्ड त्या खिडकीत अडकवावा. दुसरं म्हणजे पॅनेल आणि विंडो मॅनेजर एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच चालू प्रोग्राममध्ये कोंबायचे नाहीत. नवशिके हमखास एक चूक करतात : बॅटरी किंवा वायफायची स्थिती विचारणारी कमांड मुख्य लूपमध्येच, म्हणजे खिडक्या सांभाळणाऱ्या चक्रातच चालवतात. कमांडला दोन सेकंद लागले की तेवढा वेळ एकही खिडकी हलत नाही, आणि दोष पायथनच्या माथी जातो. पॅनेल वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवावं, बॅटरी तीस सेकंदांनी विचारली तरी चालते.

तिसरी गोष्ट जास्त नाजूक. खिडकीला चौकट द्यायची म्हणून तो ती आपल्या फ्रेममध्ये बसवत असेल, तर प्रत्येक खिडकी सेव्ह-सेटमध्ये (विंडो मॅनेजर गेला तरी वाचवायच्या खिडक्यांची एक्स सर्व्हरकडची यादी) टाकायलाच हवी. नाहीतर एखादी चूक पकडायची राहिली, विंडो मॅनेजर मेला, की फ्रेमसोबत आतल्या खिडक्याही मरतात. कमाल आकाराची खिडकी पॅनेल झाकत असेल, तर पॅनेलने आपली जागा स्ट्रट-पार्शल या बारा आकड्यांच्या नोंदीत जाहीर केलेली नसते, किंवा विंडो मॅनेजर ती वाचत नसतो. एक्सच्या जागी येणाऱ्या वेलँड या नव्या पद्धतीकडे आत्ता वळू नये. मोठे डेस्कटॉप तिकडे चाललेत हे खरं, पण तिथे विंडो मॅनेजर आणि डिस्प्ले सर्व्हर एकच असतात. तो कोसळला की सहसा सगळे प्रोग्रामही जातात.

सीईटीपर्यंत रविवारचे चार तास, आणि तेही फक्त विंडो मॅनेजर आणि पॅनेलवर. थीम, वॉलपेपर, गोल कोपरे पूर्ण बंद. वेळ खरा तिथेच जातो. कॅपच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या अर्जात या प्रकल्पासाठी रकाना नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. सीईटीवर पुण्यातलं सीओईपी किंवा पीआयसीटी हे इंजिनिअरिंग कॉलेज मिळालं तर उत्तम, नाहीतर फर्ग्युसनचं बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आहे. या मुलासाठी मला ते कमी वाटत नाही.

लॅपटॉप आजच बाहेर काढा. हिशेबांची रोजची प्रत एका पेनड्राइव्हवर, तो तुमच्या गल्ल्यात. मग त्याच्याजवळ बसून एवढंच विचारा : न्यूमलॉक (कीबोर्डवरच्या आकड्यांच्या कळा चालू करणारी कळ) चालू असताना तुझे शॉर्टकट चालतात का? एक्स सर्व्हर चालू न्यूमलॉकलाही दाबून धरलेली कळच मानतो, म्हणून प्रत्येक शॉर्टकट चार प्रकारे नोंदवावा लागतो : साधा, न्यूमलॉकसह, कॅप्सलॉकसह आणि दोन्हींसह. तो गोंधळला तर अजून बरंच शिकायचं आहे. हसून 'हो, चार वेळा नोंदवलेत' म्हणाला, तर पुढचं पत्र त्याला लिहू द्या.