आधी पार्किंग बघा, मग गाडी
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : मुलुंड पूर्वेहून बीकेसीला रोज जाऊन-येऊन ४५ किलोमीटर होतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुणे, गणपतीत रत्नागिरी. शोरूमवाले इलेक्ट्रिक घ्या म्हणतात, भाऊ हायब्रिडवर (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या गाडीवर) अडून बसला आहे. इमारत जुनी आहे, पार्किंग उघड्यावर. काय घ्यावे?

तुमच्या पार्किंगच्या जागेवर प्लग मिळणार असेल तर इलेक्ट्रिक. मिळणार नसेल तर हायब्रिड. बाकीचे मुद्दे याच्यानंतरचे.

महिन्याला १००० किलोमीटर धरू. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी मुंबईच्या रहदारीत एसी लावून युनिटला साधारण साडेसहा किलोमीटर जाते, म्हणजे १५४ युनिट. घरी चार्ज करताना दहा टक्क्यांच्या आसपास वीज वाया जाते, तेव्हा मीटरवर १७० युनिट दिसतील. युनिटला १० रुपये धरले तर १,७०० रुपये. हायब्रिड प्रत्यक्षात लिटरला २० किलोमीटर देते असे धरा : ५० लिटर, लिटरला १०४ रुपयांनी ५,२०० रुपये. साधी पेट्रोल एसयूव्ही याच रस्त्यावर ११ चा अॅव्हरेज देईल, तिचा खर्च साडेनऊ हजारांच्या घरात.

आता हीच इलेक्ट्रिक गाडी कायम बाहेरच्या फास्ट चार्जरवर नेलीत आणि कर धरून युनिटला २४ रुपये पडले, तर खर्च ३,७०० वर जातो. हायब्रिडपेक्षा बचत उरते दीड हजाराची, आणि तीही आठवड्यातून एक-दोनदा चार्जरपाशी तासभर थांबून. म्हणून आधी प्लगचे नक्की करा, बुकिंगची रक्कम नंतर भरा.

भावाला एक विचारा : हायब्रिड म्हणजे नेमकी कोणती? ‘स्मार्ट हायब्रिड’ किंवा माइल्ड हायब्रिड नुसत्या बॅटरीवर चालत नाही. तिची छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते. वरचा २० चा आकडा स्ट्राँग हायब्रिडचा, म्हणजे काही अंतर नुसत्या बॅटरीवर जाऊ शकणाऱ्या गाडीचा आहे. ग्रँड व्हिटारामध्ये तर एकाच नावाखाली दोन्ही प्रकार मिळतात. टेस्ट ड्राइव्हला गर्दीच्या वेळी जा आणि इंजिन बंद असताना गाडी बॅटरीवर सरकते का ते बघा.

शोरूम किंमत बघून तुलना करू नका, ऑन-रोड किंमत मागा. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के आहे. चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे, पण तो किमतीत आधीच मिसळलेला असतो. खरा फरक पडतो तो मोटार वाहन करात. महाराष्ट्रात इलेक्ट्रिकला तो माफ आहे. १७ लाखांच्या पेट्रोल किंवा हायब्रिड गाडीवर तो दोन लाखांच्या आसपास जातो.

पुण्याची चिंता नको. ४५ युनिटची बॅटरी असलेल्या गाडीची कागदावरची रेंज विसरा, २८०-३०० किलोमीटर धरा. पुण्याला पोहोचून निम्म्याच्या आसपास बॅटरी उरते, आणि खंडाळ्याचा चढ जी वीज खातो तिच्यातली बरीचशी परतीच्या उतारावर ब्रेक रिजनरेशनमधून, म्हणजे वेग कमी करताना मोटरने तयार केलेल्या विजेतून, परत येते. फक्त लोणावळ्यात १०० टक्के भरून घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागाच नसते. हायब्रिडची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची. ती अर्ध्या घाटातच भरते. द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला राज्य सरकारने टोल माफ केला आहे.

रत्नागिरी मात्र सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. गणपतीत एकाच चार्जरवर पाच-सहा गाड्या लागतात. चार्जरपाशी ३० टक्के बॅटरी राखून पोहोचा, म्हणजे तो बंद असला तरी पुढचा गाठता येईल. ८० टक्क्यांना गाडी काढा. त्यापुढचे २० टक्के भरायला फार वेळ लागतो आणि मागचे लोक खोळंबतात. वर्षातून हे दोन दिवस नकोसे वाटत असतील तर तेवढ्यापुरती भाड्याने गाडी घ्या. दोन दिवसांसाठी बाकीचे ३६३ दिवस पेट्रोल जाळण्यात अर्थ नाही.

प्रश्न : सोसायटीची कमिटी म्हणते, लोड वाढेल, आग लागेल. मीटर रूमपासून माझे पार्किंग ६० मीटर आहे. काय बसवावे?

कमिटीची भीती अगदीच निराधार नाही. आग लागते ती बहुतेक वेळा सैल जोडणीमुळे. घरातला गिझर पंधरा मिनिटे चालतो, गाडी त्याच १५ अँपिअरवर आठ तास वीज ओढते. साध्या सॉकेटची पट्टी तापते, सैल पडते, आणखी तापते आणि शेवटी प्लास्टिक वितळते. म्हणून तिथे औद्योगिक प्रकारचा १६ अँपिअर सॉकेट लावा, आणि मधे जोड नसलेली स्वतंत्र लाइन ओढा.

७.२ किलोवॉटचा चार्जर हवाच असे नाही. रोजचे ४५ किलोमीटर म्हणजे सात-आठ युनिट, ३.३ किलोवॉटवर अडीच तासांत भरतात. रात्रभरात दीडशे किलोमीटरची सोय होते. साठ मीटरसाठी तांब्याची ६ चौरस मिमी आर्मर्ड केबल घ्या, व्होल्टेजची घट अडीच टक्क्यांच्या आत राहते. ७.२ किलोवॉटच घ्यायचा असेल तर १० चौरस मिमी. ६ वर घट पाच टक्क्यांना जाते आणि संध्याकाळी लाइन ढासळली की चार्जर मधेच बंद पडतो.

आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा, टाइप ए. इलेक्ट्रिशियन दुकानातून हमखास टाइप एसी आणतो, तो परत करा. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर तो आंधळा होतो आणि ट्रिप होत नाही. डीसी गळती ओळखण्याची सोय चार्जरमध्ये नसेल तर टाइप बी लागेल. चार्जरवर लाल दिवा लागून ‘अर्थ फॉल्ट’ आला तर गाडीला दोष देण्याआधी अर्थिंगचा खड्डा बघा. जुन्या इमारतींत तो वर्षानुवर्षे कोरडा पडलेला असतो.

मीटर वेगळाच घ्या. घरच्या मीटरवर १७० युनिट चढले की वाढलेल्या युनिटना वरच्या स्लॅबचा दर लागतो. फेब्रुवारी २०२४ मधल्या वीज ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीनुसार गाडीसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. कमिटीला पत्र द्या आणि त्यासोबत केबलच्या मार्गाचे रेखाटन, लागणारा लोड आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनची माहिती जोडा. मग बेस्ट, अदानी, टाटा पॉवर किंवा महावितरण, ज्याची वीज असेल त्यांच्याकडे अर्ज. तोंडी विचारलेत तर तोंडीच नकार मिळतो.

प्रश्न : आमच्या टॉवरला यांत्रिक पार्किंग आहे. इलेक्ट्रिक चालेल?

पॅलेटजवळची (गाडी ज्या फलाटावर उभी राहते त्याच्याजवळची) पाटी वाचा : किती किलो, किती उंची. बऱ्याच जुन्या यंत्रणा सेडानच्या मापाच्या आहेत आणि बॅटरीमुळे इलेक्ट्रिक एसयूव्ही जड असते. हलत्या पॅलेटवर लोंबती केबल लावून चार्जिंग करायचे नाही. खाली ठरलेल्या एखाद्या जागेवर पाळीपाळीने चार्जिंगची सोय होणार नसेल तर हायब्रिड घ्या, आणि तिचीही उंची मोजून घ्या.

प्रश्न : हिंदमाता, मिलन सबवेला पाणी भरते. बॅटरी बुडाली तर?

बॅटरीच्या माहितीत आयपी ६७ हा पाण्यापासून संरक्षणाचा दाखला बघा. आयपी ६७ म्हणजे बॅटरी पेटी एक मीटर स्वच्छ, स्थिर पाण्यात अर्धा तास टिकते. हा दाखला पेटीचा आहे. कनेक्टर, चाकांचे बेअरिंग, केबिनमधली वायरिंग यांना तो लागू नाही. पाणी दाराच्या उंबऱ्यापर्यंत आले असेल तर दोन्हीपैकी कुठलीही गाडी आत घालू नका.

तरीही हायब्रिडचा धोका जास्त. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते, ते चालकाच्या हातात नसते. एअर इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये गेले की कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे जादा विमा कवच घ्यावे लागते. इलेक्ट्रिकला बॅटरी प्रोटेक्ट. पाण्यात उभी राहिलेली गाडी कुठलीही असो, स्टार्ट बटण दाबून बघू नका. इलेक्ट्रिकला चार्जर लावू नका, दोरीने ओढूही नका. चाके फिरली की मोटर वीज तयार करते. चारही चाके वर घेणारा फ्लॅटबेड मागवा.

प्रश्न : हायब्रिडची बॅटरी किती वर्षे टिकते?

८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी सर्रास मिळते. बॅटरी लवकर जाते ती बहुधा तापून. काही गाड्यांत मागच्या सीटजवळ किंवा डिकीत हवेची जाळी असते. तिच्यावर पिशव्या, चादरी ठेवू नका आणि दर सर्व्हिसला तिचा फिल्टर साफ करायला सांगा. गाडी तीन आठवडे उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा वीस मिनिटे ‘रेडी’ स्थितीत, म्हणजे स्टार्ट करून, ठेवा. नाहीतर छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरते आणि मोठी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही.