कृषी सल्ला: कंबरेचा पट्टा घ्यायच्या आधी काम मोजून बघा

या महिन्यात चार प्रश्न आलेत, वरवर वेगळे दिसतात पण मुळात एकच आहेत म्हणून उत्तर एकत्रच देतो. एका दादांनी विचारलंय की खताची पोती उतरवताना दर हंगामात उसण भरते, तर कंबरेचा पट्टा कुठला चांगला. एका ताईंचं म्हणणं की खुरपणीवरून उठताना कंबर सरळच होत नाही आणि गुडघे तर आता रात्रीपण ठणकतात. तिसरे फवारणी करणारे, त्यांचा उजवा खांदा गेलाय. आणि चौथा एक तरुण पोरगा ब्रश कटर, म्हणजे गवत कापायचं मशीन, चालवतो, संध्याकाळी त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही, बोटांना मुंग्या येतात, तो विचारतोय की हे अशक्तपणामुळे होतंय का.

चौघांनीही औषध किंवा वस्तू विचारलीय, काम कसं करतो ते कुणीच सांगितलं नाही. पिकावर रोग दिसला की आपण आधी शेतात जाऊन झाड बघतो ना, नुसतं लांबून औषध सांगत नाही. इथंपण तसंच. आधी पाहणी.

पाहणीला मशीन लागत नाही, मोबाईलमधलं घड्याळ आणि एक वही पुरते. पहिलं म्हणजे काम करणाऱ्याला विचारा. यासाठी १९८७ पासून जगभर वापरात असलेली एक नॉर्डिक प्रश्नावली आहे, ती शरीराचे नऊ भाग करते: मान, खांदे, कोपर, मनगट-हात, पाठीचा वरचा भाग, कंबर, मांड्या-खुबे, गुडघे, घोटे-पाय. प्रत्येक भागाबद्दल साधे प्रश्न, गेल्या १२ महिन्यांत दुखलं का, गेल्या ७ दिवसांत दुखलं का, आणि त्यापायी काम थांबवावं लागलं का. दहा मजुरांना विचारलं आणि सात जणांनी उजवा खांदाच दाखवला तर दोष त्या सात जणांच्या तब्येतीत शोधू नका, कामात शोधा. एक मात्र सांभाळा, हे विचारताना मुकादम शेजारी उभा नको, नाहीतर सगळे म्हणतील काही दुखत नाही, सवय आहे.

दुसरं, नुसतं बघत बसा. अर्धा तास. दर ३० सेकंदांनी मान वर करून बघायचं की पाठ सरळ आहे, वाकलेली आहे, पिळलेली आहे, का वाकून पिळलेली आहे, आणि त्या रकान्यात एक रेघ मारायची. अर्ध्या तासात ६० रेघा होतात. ही युक्ती माझी नाही, फिनलंडमधल्या एका स्टील कंपनीत १९७० च्या दशकात ओवास नावाची पद्धत निघाली तिचंच हे साधं रूप. मी स्वतः असा हिशोब ठेवतो की ६० पैकी २० च्या वर रेघा ‘वाकलेली’मध्ये पडल्या तर ते काम बदलायला घ्यायचं, आणि ‘वाकून पिळलेली’मध्ये पाच-सहा जरी पडल्या तरी ते काम यादीत सगळ्यात वर, कारण कंबर नुसती वाकल्यावर जेवढी सोसते तेवढी वाकून वळल्यावर सोसत नाही.

आता पोत्यांकडे येऊ, इथं आकडेमोड करता येते आणि ती करायलाच हवी. अमेरिकेतली नायॉश म्हणून कामगार सुरक्षेवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, तिच्या १९९१ च्या सूत्रात सुरुवातच २३ किलोपासून होते. म्हणजे सगळं आदर्श असेल, वस्तू अंगाला चिकटून, कमरेच्या उंचीवर, वळायचं नाही, कधीतरीच उचलायची, तेव्हा २३. आणि आपलं पोतं ५० चं. दोघांनी मिळून उचललं तरी प्रत्येकी २५ येतात, तेही दोघं अगदी एकाच वेळी उठले तर. त्यामुळे ‘गडी दांडगा आहे, एकटा उचलतो’ यात कौतुक करण्यासारखं मला तरी काही वाटत नाही.

एक उदाहरण करून दाखवतो, पोत्याऐवजी २० किलोचा क्रेट धरू. क्रेट जमिनीवर आहे, कड्या २५ सेंटीमीटर उंचीवर. पुढं झुकून धरतो म्हणून घोट्यांपासून हातांपर्यंत आडवं अंतर ४० सेंटीमीटर. ट्रॉलीत ठेवायला हात ९० सेंटीमीटर वर न्यावे लागतात, क्रेट बाजूला असल्यामुळे कंबर ४५ अंशात वळते, आणि मिनिटाला ४ क्रेट असं काम दोन तास चालतं. आता सूत्रातल्या ठरलेल्या गुणकांनी २३ ला कात्री लावत जा. आडव्या अंतरापायी २५ भागिले ४० (वस्तू अंगाला चिकटून असताना सूत्र २५ सेंटीमीटर धरतं), राहिले १४.४. जमिनीलगत असल्यानं ०.८५ नं गुणा, १२.२. वर नेण्याच्या अंतरापायी ०.८७, राहिले १०.६. वळण्यापायी ०.८६, राहिले ९.१. आणि मिनिटाला चारच्या वेगासाठी ०.७२, शेवटी हातात उरतात साडेसहा किलो. उचलतोय २०. म्हणजे तिपटीपेक्षा जास्त, आणि हा प्रकार आपल्याला नेहमीचा वाटतो.

आता तोच क्रेट, तेच २० किलो, पण तोडणी करतानाच तो गुडघ्याएवढ्या हातगाडीवर ठेवला, त्यामुळे कड्या ७५ सेंटीमीटरवर आल्या, गाडी ट्रॉलीला समोरून लावली म्हणून कंबर वळत नाही तर दोन पावलं टाकून अख्खं अंग वळतं, आणि क्रेट पोटाला लावून उचलला. तर उत्तर येतं सुमारे १५ किलो. अजून २० जास्तच आहे, पण तिप्पट कुठं आणि सव्वापट-दीडपट कुठं. त्यातच दोन माणसं आलटून-पालटून लावून प्रत्येकी मिनिटाला एकच क्रेट केला की आकडा १९ च्या जवळ जातो. वजन एक ग्रॅमनं कमी केलं नाही, बघा. फक्त एक लक्षात ठेवा, हे सूत्र फार ऊन ना फार गारठा अशा हवेतल्या, कोरड्या सपाट जमिनीवरच्या, दोन्ही हातांनी करायच्या कामासाठी आहे, भर उन्हात ढेकळातून चालताना खरा आकडा याहून खालीच धरायचा.

वजन कमी करता आलं तर उत्तमच. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षबागांत तोडणीचा टब साधारण २६ किलोवरून २१ वर आणला, तेवढ्या पाच किलोंनी मजुरांच्या दुखण्यात मोठा फरक पडला होता. खताचं पोतं मात्र कारखान्यातूनच भरून येतं, त्याला कात्री लावता येत नाही, तर निदान ते जमिनीवर टाकूच नका. जमिनीवर पडलेलं पोतं पुन्हा उचलावं लागतं, तिथंच उसण भरते. ट्रॉलीचा फाळका उघडून पोतं कडेला सरकवा, हातगाडीवर घ्या, किंवा ट्रॉलीतच फोडून घमेल्यानं काढा, फेऱ्या वाढतील, वाढू देत.

आणि दादा, पट्ट्याचं. नायॉशनं १९९४ मध्येच सांगितलं होतं की धडधाकट माणसाची दुखापत पट्ट्यामुळे टळते याला पुरेसा पुरावा नाही. डॉक्टरांनी एखाद्या दुखण्यासाठी लावायला सांगितला असेल तर ती गोष्ट निराळी, तो लावा. पण पट्टा बांधला की माणसाला वाटतं आता अजून दहा किलो चालतील, मला भीती त्याचीच जास्त आहे. तेच पैसे हातगाडीच्या चाकांत घाला.

इथं एक सांगून टाकतो. माझी स्वतःची कंबर नोकरीच्या दुसऱ्या वर्षी धरली होती, बियाण्याच्या पिशव्या उतरवत होतो, मोठ्या सगळ्या नीट उतरल्या आणि शेवटची एक लहानशी पिशवी, जेमतेम पाच किलोची, ती कोणाशीतरी बोलत बोलत एका हातानं मागं वळून उचलायला गेलो. तीन आठवडे नीट बसता येत नव्हतं. वजनाला दोष देता येणार नाही, दमलेली पाठ आणि पिळलेली कंबर, दोन्ही एकत्र आलं.

ताईंच्या प्रश्नाकडे वळतो, कारण खुरपणीत वजन काहीच नाही आणि तरी सगळ्यात जास्त माणसं त्यातच मोडतात. उकिडवं बसलं की गुडघा पूर्ण दुमडतो, ओणवं झालं की सगळा भार कंबरेच्या शिरांवर, आणि पाठीच्या मणक्यांना धरून ठेवणारे बंध असे ताणून राहिले की ते सैल पडतात, लगेच मूळ जागेवर येत नाहीत. म्हणून अर्धा-पाऊण तास वाकून खुरपलं आणि उठून थेट पाण्याची घागर किंवा गवताचा भारा उचलला, तर तो क्षण सगळ्यात धोक्याचा. आधी दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहून चाला, हात कमरेवर ठेवून थोडं मागं वाका, मग भारा. झोपेतून उठल्यावरचा पहिला तासपण तसाच, रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तेव्हा वाकायचं काम शक्यतो मागं ढकला आणि आधी उभ्यानं होणारी कामं उरका.

पण खरा उपाय दांड्याचा. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात आखूड दांड्याच्या कुदळीवर शेतकामात बंदी आली, मजुरांच्या पाठी कायमच्या जात होत्या म्हणून कोर्टापर्यंत लढून ती मिळवली. बागायतदारांचं म्हणणं होतं की लांब दांड्यानं पीक तुटेल, काम नीट होणार नाही. तेच वाक्य मी आजही ऐकतो! रोपाच्या अगदी बुडाशी खुरपंच लागतं हे मान्य, पण दोन ओळींच्या मधली जागा सायकल कोळप्यानं किंवा लांब दांड्याच्या अवजारानं उभ्यानं करा आणि खुरपं फक्त बुडापुरतं ठेवा, बसायचा वेळ निम्म्यावर येतो. जिथं बसावंच लागतं तिथं बुटकं स्टूल, नाहीतर गुडघ्याखाली जाड फोम. दर तासाला पाच मिनिटं उठायचं, आणि ती पाच मिनिटं सुट्टीची समजू नका, डोळ्यांत तेल घालून कीड-रोग बघायची ठेवली तरी चालेल, काम तेच पण उभ्यानं. मूठ साधारण ३ ते ४.५ सेंटीमीटर जाडीची हवी, बारीक असेल तर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. आणि धार, धार बोथट झाली की मनगट दुप्पट जोर लावतं, हे विळ्यालाही लागू आणि छाटणीच्या कात्रीला तर फारच.

फवारणीवाल्या दादांना फार लांबण लावत नाही. १६ लिटरचा पंप भरला की नुसतं पाणीच १६ किलो, वर पंपाचं वजन वेगळं. पट्टे निदान पाच सेंटीमीटर रुंद आणि गादीवाले घ्या, कमरेला बांधायचा पट्टा असेल तर तो खांद्यावरचा भार खाली उतरवतो. पंप जमिनीवर ठेवून पाठीवर घेऊ नका, बांधावर किंवा टेबलावर ठेवा, पाठ टेकवा, उठा. दूरची ओळ असेल तर पाऊण भरा. दांडा मारायचा हात बदलता येत असेल तर बदला, तुमचा एकच खांदा गेलाय त्याचं कारण मला तरी तेच दिसतं, बॅटरीचा पंप घेतला तर तो प्रश्नच मिटतो.

आता ब्रश कटरवाला भाऊ. अशक्तपणा नाही रे, ही कंपनं आहेत. मशीनच्या माहितीपत्रकात हँडलच्या कंपनाचा आकडा असतो, मीटर प्रति सेकंद वर्गमध्ये. युरोपच्या नियमात आठ तासांच्या हिशोबानं २.५ ला उपाय सुरू करायचे आणि ५ च्या पुढं जायचंच नाही. पण हा आकडा वर्गानं वाढतो, ही गंमत कळली पाहिजे: मशीन ५ चं असेल तर २.५ ची पायरी दोन तासांतच गाठली जाते, १० चं असेल तर अर्ध्याच तासात. तू दिवसाला सहा तास चालवतोस. दोघांत वाटून घ्या, पातं बोथट किंवा वाकडं असेल तर आधी ते बदल कारण कंपन तिथूनही वाढतं, हँडलचे रबर झिजलेत का बघ, हार्नेस लावून वजन खांद्यावर घे आणि हँडल आवळून धरू नकोस. गारठ्यात बोटं पांढरी पडायला लागली असतील तर मशीन बंद आणि डॉक्टर, कारण ते दुखणं पुढं गेलं की परत फिरायला मागत नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनी विचारलं नाही, तरी एक ओळ: तासभर हादरे खाल्ल्यावर सीटवरून उडी मारू नका, तोंड ट्रॅक्टरकडे करून पायरीनं उतरा, आणि मागं अवजार बघायला मान वळवून बसण्यापेक्षा आरसा लावा.

बदल केल्यावर आठ-पंधरा दिवसांनी तोच माणूस, तेच काम, पुन्हा ६० रेघा. आकडा हलला नसेल तर बदल कागदावरच राहिला, बहुतेक वेळा हातगाडी बांधावर उभी असते आणि क्रेट डोक्यावर.

आणि हे मात्र कुणीही सल्ल्याची वाट बघत थांबायचं नाही: कंबरेची कळ गुडघ्याखाली उतरत असेल, पाय बधिर होत असेल किंवा पाऊल उचलताना लोंबतंय असं वाटत असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी रात्रीच, दवाखाना गाठा, मालिशवाल्याकडे नको.