खेळणी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: मुलाने रुबिक क्यूब खोलला आणि पुन्हा जोडला. आता बाकी सगळं जुळतं, पण शेवटी एकच कोपरा जागच्या जागी वळलेला राहतो. पुस्तकातल्या सगळ्या पायऱ्या करून झाल्या. काय चुकतंय?

उत्तर: पायऱ्या बरोबर आहेत, जोडणी चुकली आहे. हा क्यूब नुसता फिरवून कधीच सुटणार नाही, त्यामुळे आणखी वेळ घालवू नका.

क्यूबला बाहेरून २६ तुकडे दिसतात. ८ कोपऱ्यांचे, त्यांवर तीन-तीन रंग. १२ कडांचे, त्यांवर दोन-दोन. उरलेले ६ मधले तुकडे आतल्या सांगाड्याला जोडलेले असतात. ते जागच्या जागी गोल फिरतात, पण एकमेकांच्या जागा बदलत नाहीत. कितीही फिरवलं तरी तीन गोष्टी होऊ शकत नाहीत: एकटा कोपरा वळणं, एकटी कड उलटणं आणि फक्त दोनच तुकड्यांची अदलाबदल होणं. हाताने वाटेल तसे तुकडे बसवले की यांतलं काहीतरी सहज घडतं. कोपऱ्याच्या ३, कडेच्या २ आणि अदलाबदलीच्या २ शक्यता, म्हणजे एकूण १२. त्यामुळे आंधळेपणाने जोडलेला क्यूब सुटण्यासारखा निघण्याची शक्यता १२ पैकी १ एवढीच.

तुमचं काम सोपं आहे. हल्लीच्या बऱ्याच क्यूबमध्ये तो कोपरा चिमटीत घट्ट धरून जागीच पिळला की वळतो. जुना किंवा घट्ट क्यूब असेल तर वरचा थर ४५ अंश फिरवा आणि त्याच थरातल्या एका कडेच्या तुकड्याखाली अंगठा घालून तो बाहेरच्या बाजूला उचला. सुरुवात कडेपासूनच करा. कोपऱ्याला आधी जोर लावला तर आतला पाय मोडतो. कड निघाली की शेजारचा कोपरा आपोआप सैल होतो. तो योग्य रंगांत वळवून बसवा आणि शेवटी कड पुन्हा ४५ अंशांच्या स्थितीतच दाबून बसवा. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे.

शेवटी एकच कड उलटी राहत असेल तर ती काढून उलटी बसवा. दोन तुकडे एकमेकांच्या जागी असतील तर ते दोन्ही काढून अदलाबदल करा. पूर्ण क्यूब खोलला असेल तर आधी मधल्या तुकड्यांचे रंग बघून घ्या (आजच्या नेहमीच्या क्यूबमध्ये पांढऱ्यासमोर पिवळा, निळ्यासमोर हिरवा, लालसमोर नारिंगी) आणि तो सगळे रंग जुळलेल्या अवस्थेतच जोडा. आणि दोन तुकड्यांवर रंगांची तीच जोडी दिसली, तर कुणीतरी स्टिकर सोलून बदललेत.

प्रश्न: हा क्यूब नक्की कुणाचा? रुबिकच्या आधीच कुणीतरी पेटंट घेतलं होतं, असं ऐकलं.

उत्तर: घेतलं होतं, पण वेगळ्या वस्तूचं. अमेरिकेतल्या लॅरी निकोल्स यांना एप्रिल १९७२ मध्ये पेटंट मिळालं. त्यांच्या क्यूबमध्ये प्रत्येक बाजूला २×२ तुकडे होते आणि ते लोहचुंबकांनी धरलेले होते. एर्नो रुबिक बुडापेस्टमध्ये उपयोजित कलांच्या अकादमीत शिकवायचे. १९७४ मध्ये त्यांनी लाकडाचा ३×३ क्यूब केला. त्यांच्यापुढचा प्रश्न बांधणीचा होता: तुकडे सुटे सुटे फिरावेत, तरी ठोकळा विस्कटू नये. सुरुवातीला वापरलेले रबर तुटले, तेव्हा तुकड्यांनीच एकमेकांना धरून ठेवायचं, ही रचना त्यांना सुचली. तुमच्या हातातला क्यूब आजही त्याच तत्त्वावर फिरतो. बाजूंना रंग देऊन फिरवल्यावर तो परत जुळवायला खुद्द रुबिकना महिन्याहून अधिक काळ लागला.

जानेवारी १९७५ मध्ये त्यांनी हंगेरीत पेटंटचा अर्ज केला, १९७७ अखेर क्यूब तिथल्या दुकानांत आला. १९८० मध्ये ‘आयडियल टॉय’ या अमेरिकी कंपनीने त्याला रुबिकचं नाव देऊन जगभर नेलं. जपानमध्ये तेरुतोशी इशिगे यांनी १९७६ मध्ये जवळपास अशीच यंत्रणा स्वतंत्रपणे पेटंटसाठी दिली होती. निकोल्स यांच्या पेटंटवरून आयडियलविरुद्ध खटला झाला. १९८६ च्या अपिलात छोट्या २×२ क्यूबपुरता भंग मान्य झाला, ३×३ बाबतचा भंगाचा आधीचा निकाल मात्र टिकला नाही. आमच्या मते हाच न्याय योग्य आहे. फिरणाऱ्या तुकड्यांच्या ठोकळ्याची कल्पना आधी निकोल्स यांची, आज ओळखीचा असलेला क्यूब रुबिक यांचा.

प्रश्न: क्यूब अडकत फिरतो. खोबरेल तेल घालू का?

उत्तर: नको. ते धूळ धरतं आणि काही दिवसांनी चिकट होतं. मशीनच्या तेलाने प्लास्टिक खराब होऊ शकतं. सिलिकॉन तेलाचे २-३ थेंब आतल्या फटीत सोडा आणि मिनिटभर सगळ्या बाजू फिरवा. तरीही अडकत असेल तर मधल्या तुकड्यांची टोपणं नखाने उचला. खाली स्प्रिंगवर बसवलेले स्क्रू दिसले, तर सहाही सारखेच, एका वेळी पाव आटा सैल करा. एकच बाजू सैल सोडली की तिथूनच तुकडे उडतात.

प्रश्न: पायऱ्यांवरून उतरणारी स्प्रिंग, स्लिंकी, गुंतली आहे. सोडवायची कशी?

उत्तर: ओढू नका. ओढल्यावर तार ताणाच्या मर्यादेपलीकडे गेली की वेढे कायमचे फाकतात आणि मग ती पायऱ्या उतरत नाही. स्प्रिंग टेबलावर आडवी ठेवा, एक टोक शोधा आणि तिथूनच एकेक वेढा पुस्तकाचं पान उलटावं तसा पलीकडे न्या. बहुतेक वेळा एकच वेढा दुसऱ्यातून गेलेला असतो. तो सापडला की बाकीचे भराभर सुटतात.

ही स्प्रिंग अमेरिकेतले नौदलाचे अभियंता रिचर्ड जेम्स यांची. १९४३ मध्ये ते जहाजावरची नाजूक उपकरणं हादऱ्यांपासून जपण्यासाठी स्प्रिंगांवर काम करत होते. त्यांतली एक पडली आणि पुढे ‘चालत’ गेली. नाव त्यांच्या पत्नी बेटी यांनी शब्दकोशातून काढलं. नोव्हेंबर १९४५ मध्ये फिलाडेल्फियाच्या गिंबल्स दुकानात ४०० स्प्रिंगा दीड तासात संपल्या. १९६० मध्ये रिचर्ड घर सोडून बोलिव्हियाला गेले. त्यानंतर कंपनी बेटींनीच उभी ठेवली आणि चालवली, हे क्वचितच सांगितलं जातं.