उत्तर: बाळाचा टीएसएच ३८ आलाय, पण रक्त घेतलं कितव्या तासाला?

दादा, तुमचा प्रश्न वाचला: बायकोला गरोदरपणात शुगर, इन्सुलिन चालू, लेकराचा टीएसएच ३८, रिपोर्टवर लाल खूण, घरात रडारड. आमच्या मुलीच्या वेळी डिट्टो हेच होतं, म्हणून लिहायलो.

टीएसएच म्हणजे थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉईड कमी पडलं की तो वाढतो. मला एकच सांगा, रक्त जन्मानंतर कितव्या तासाला घेतलं?

जन्मल्यावर अर्ध्या तासात बाळाचा टीएसएच ६०-८० पर्यंत उसळतो आणि पुढं दोन-तीन दिवसांत उतरतो. म्हणून थायरॉईडसाठी टाचेचं रक्त ४८ ते ७२ तासांत घेतात. पण शुगरवाल्या आईच्या लेकराची शुगर खाली जाऊ शकते, म्हणून पहिल्या तासापासून टोचून बघावीच लागते. आमच्याकडं त्याच टोचण्यात "होऊन जाऊ द्या" म्हणून थायरॉईडही उरकलं. रिपोर्टवर तारीख होती, वेळ नव्हती. शेजारची रेंज मोठ्या माणसांची. लॅबच्या खिडकीवर विचारलं तर "वॉर्डात विचारा", वॉर्डात "लॅबला विचारा". डिस्चार्ज कार्डावरही नुसता आकडा. ओल्या बाळंतिणीला घेऊन तालुक्याहून नांदेड गाठलं, तर तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न: वेळ? काय सांगणार, कपाळ! पुन्हा रक्त घेतलं, ते नॉर्मल आलं. तोवर घराची झोप गेली ती गेलीच.

मी डॉक्टर नाही. आमचं नॉर्मल निघालं म्हणून तुम्ही गप्प बसू नका. बाळ ४८ तासांचं झालं असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून शिरेतल्या रक्ताचं टीएसएच आणि फ्री टी४ (खुद्द थायरॉईडचं हार्मोन) लगेच करा, आणि वेळ स्वतः पेनानं लिहून घ्या. खरंच थायरॉईडची कमतरता असेल तर त्याची गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला पाहिजे, मेंदूच्या वाढीचा प्रश्न आहे. लेकरू अपुऱ्या दिवसांचं असेल तर नॉर्मल आलं तरी काही आठवड्यांनी परत तपासतात.

"गोड खाल्लं म्हणून झालं" म्हणणाऱ्यांना दारातूनच चहा पाजून लावा. हां, वहिनींची शुगर टाईप १ (इन्सुलिनशिवाय भागतच नाही ती) असेल तर त्यांचं थायरॉईडही बघा, हे दोन आजार बऱ्याचदा जोडीनं येतात.

गोळी लागलीच तर कुटून बोंडल्यात, थोड्या आईच्या दुधात. लोह-कॅल्शियमचे थेंब त्याच वेळी नकोत. आणि नाळेला बेटाडिन लावायलेत का बघा. त्यातल्या आयोडीननंही टीएसएच वाढू शकतो.