जुनी पॉइंट टू टू बोल्ट अ‍ॅक्शन रायफल सोलापुरात कुठे मिळेल आणि ती नव्यासारखी कशी करायची?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, जुनी बोल्टवाली पॉइंट टू टू कुठे मिळेल आणि मिळाल्यावर घासूनपुसून नव्यासारखी कशी करायची. दुसऱ्याचं आधी सांगतो, नव्यासारखी करायचीच नाही. आपल्याकडं जुन्या रायफलींची वाट लागलीय ती गंजामुळं कमी आणि पॉलिशमुळं जास्त. एखाद्याला वडिलांची बीएसए (ब्रिटिश कंपनीची रायफल) मिळते, तो ती कुणाच्या तरी बफिंग मशीनवर धरतो, लग्नातल्या स्टीलच्या भांड्यासारखी चकाचक करून आणतो, आणि नळीवरची कंपनीची अक्षरं पुसट, स्क्रूच्या भोकांच्या कडा गोल, वरचं ब्लुइंग, म्हणजे गंजापासून वाचवणारा काळा थर, गायब. नळी आतून मात्र होती तशीच खडबडीत. म्हणून पैसे आणि वेळ दोन्ही नळीच्या आतल्या बाजूसाठी ठेवा, बाहेरच्या चकाकीसाठी नको.

आता कागद, कारण त्याशिवाय पुढचं सगळं वायफळ आहे. सोलापूर शहरात राहत असाल तर लायसन्स पोलीस आयुक्तांकडं, बार्शी, मोहोळ, अक्कलकोट अशा ग्रामीण भागात असाल तर कलेक्टर ऑफिसकडं. ऑनलाइन अर्ज, पोलीस चौकशी, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट हे सगळं आलंच, आणि "मला जुन्या वस्तूंचा छंद आहे" या कारणावर काही होत नाही, नेमबाजी करणार असाल तर तसं कागदावर दाखवावं लागतं. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन होती, आणि लायसन्सची मुदत आता 5 वर्षं आहे. पॉइंट टू टू नॉन प्रोहिबिटेड बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचं माप, यावर बंदी नाही) येते म्हणून सामान्य माणसाला मिळू शकते, कुणी स्वस्तात .303 दाखवली तर लांब राहा, तो प्रोहिबिटेड बोअर आहे. आणि "जुनी आहे ओ, अँटिक आहे, लायसन्स लागत नाही" हे वाक्य हमखास ऐकायला मिळेल. ती सूट वापरातून गेलेल्या, पुराणवस्तू म्हणावं अशा किंवा कायमच्या निकामी हत्यारांची आहे, काडतूस घालून उडते ती रायफल कायद्यानं रायफलच, मग कितीही जुनी असू दे. मंगळवार बाजारात भंगार बघता बघता कुणी कानात येऊन कुजबुजला की "एक पीस आहे", तर न थांबता पुढं चालायला लागा.

मिळते कुठं, तर सरळ उत्तर आहे, जुन्या लायसन्सवाल्या घरात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला बाहेरच्या देशातून हत्यार मागवता येत नाही, त्यामुळं देशात तेव्हा जेवढ्या बीएसए, ब्रनो, वॉल्थर, अ‍ॅन्शुट्झ आल्या होत्या त्याच आजपर्यंत या घरातून त्या घरात फिरतायत. म्हणून भावही अवाच्या सवा, इंग्लंडमध्ये जी रायफल कोपऱ्यात पडलेली असते तिला इथं लोक सोन्याच्या भावात विकतात. आपल्या जिल्ह्यात बागायतदार, जुने वतनदार, वकील, डॉक्टर अशा घरांत पूर्वी पॉइंट टू टू असायची. आता तिसऱ्या पिढीला ती नको असते, दर रिन्यूवलला चकरा मारायचा कंटाळा येतो, मग ती गन हाऊसमध्ये जमा करून ठेवलेली असते. तर गन हाऊसवाल्यांशी ओळख ठेवा, सोलापूरचे आणि पुण्याचे दोन्ही, आणि "विकायला काय आहे" असं विचारू नका, "डिपॉझिटला काय पडलंय" असं विचारा. परस्पर खरेदी करायची तरी चालते, पण विकणाऱ्यानं डीएम (कलेक्टर) किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला तुमच्या नावपत्त्यासकट लेखी कळवावं लागतं आणि नंतर 45 दिवस थांबावं लागतं. कोपऱ्यावर चहा घेत व्यवहार उरकायची ही वस्तू नाही.

तुमच्याच घरात असेल तर सोपं आहे थोडं. 2016 च्या आर्म्स रूल्समध्ये वारसाला लायसन्स द्यायची तरतूद आहे, लायसन्सधारक वारल्यावर तर आहेच, पण तो 70 वर्षांचा झाला किंवा हत्यार 25 वर्षं त्याच्याकडं असलं तर जिवंतपणीही वारसाच्या नावावर करता येतं. आजोबा आहेत तोवर करून घ्या, नंतर सगळ्या भावकीच्या ना हरकत सह्या गोळा करताना जीव जातो.

बघायला जाताना एक छोटा टॉर्च, चार-पाच इअरबड आणि पांढऱ्या सुती कापडाच्या चिंध्या घेऊन जा. पहिल्यांदा मॅगझिन काढायची, बोल्ट (हातानं मागंपुढं ओढायचा दांडा) मागं ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे हे डोळ्यानं बघायचं, मालक काहीही सांगू दे. मग बोल्ट पूर्ण बाहेर. नळी उजेडाकडं धरून मागच्या बाजूनं आत बघा. चांगल्या नळीत आटे स्वच्छ, धारदार, वळत गेलेले दिसतात. वाईट नळीत काळे ठिपके दिसतात, खड्डे पडलेले. याचं कारण बहुतेकदा पावसाळा नसतो, जुनी काडतुसं असतात. पूर्वीच्या प्रायमरमध्ये (काडतूस पेटवणारा मसाला) पोटॅशियम क्लोरेट असायचं, बार उडाला की नळीत मागं जे क्षार राहतात ते हवेतलं पाणी ओढतात, आणि त्या दिवशी साफ केली नाही तर नळी आतून खायला सुरुवात. 1920 च्या दशकाच्या शेवटाकडं न गंजवणारे प्रायमर आले, तरी जुना स्टॉक लोक पुढं कित्येक वर्षं उडवत राहिले. थोडेफार ठिपके असले म्हणून लगेच नाही म्हणू नका, अशा नळ्याही 50 मीटरला बऱ्यापैकी मारतात. नळीत एखादी काळी कडी, अंगठीसारखी सावली दिसली तर मात्र सोडा. आत गोळी अडकलेली असताना कुणीतरी दुसरी मारलीय आणि नळी तिथं फुगलीय. डोळ्याला दिसत नसेल तर रॉडला घट्ट कापड लावून हळूहळू ढकला, एका जागी अचानक हात सैल पडला की समजायचं.

इअरबड नळीच्या तोंडासाठी. नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून गोल फिरवायचा, कापसाचा धागा जिथं अडकेल तिथं ओरखडा आहे. लोक वर्षानुवर्षं पुढून रॉड घालून साफ करतात आणि कड झिजवतात, गोळी शेवटी तिथूनच सुटते त्यामुळं नेम बिघडतो तो तिथं. दुसरी जागा चेंबरची कड. पॉइंट टू टू रिमफायर आहे, पिन काडतुसाच्या काठावर आपटते, आणि पोरं रिकामीच खटखट करत बसली की ती पिन सरळ चेंबरच्या कडेवर बसते आणि तिथं खाच पाडते. मग काडतूस नीट बसत नाही, रिकामं बाहेर निघत नाही. ही दोन्ही कामं चांगला गनस्मिथ दुरुस्त करतो, भाव करताना ते पैसे वळते करा. ओरिजिनल मॅगझिन आहे का बघा, ती वेगळी शोधणं फार अवघड. ब्रनोसारख्या झेक रायफलींवर प्रूफच्या (नळीच्या चाचणीच्या) शिक्क्याशेजारी सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात, तेवढ्यावरून वय कळतं, विकणारा "ब्रिटिशकालीन आहे" म्हणत असेल आणि आकडा 58 असेल तर काय ते समजून घ्या.

आता काम. कायद्यानं हत्याराच्या दुरुस्तीलाही लायसन्स लागतं, म्हणून नळी, चेंबर, बोल्टचे पार्ट, खटका यातलं काहीही असलं तर लायसन्सवाल्या गनस्मिथकडंच. एमआयडीसीत ओळखीचा लेथवाला आहे म्हणून त्याच्याकडं टाकायची नाही, तोही अडकेल आणि तुम्हीही. घरी करायचं ते साफसफाई, तेल आणि लाकूड, आणि खरं सांगू का, निम्म्या रायफली एवढ्यावरच सुधारतात. "काडतूस फुसकं निघतं" अशी तक्रार असलेल्या कित्येक रायफलींत दोष काडतुसाचा नसतोच, बोल्टमध्ये कुणीतरी कधीकाळी खोबरेल तेल घातलेलं असतं, ते सुकून चिकट डिंक झालेला असतो आणि पिन आत रेंगाळत जाते. बाहेर काढलेला बोल्ट रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंबभर हात द्या, बस. आपल्याकडचे लोक तेल ओततात, ओतू नका.

गंजाला सँडपेपर लावायचा नाही. पातळ तेल लावून एक दिवस ठेवा, मग तांब्याच्या पट्टीच्या कडेनं हलकं खरवडा, तांबं लोखंडापेक्षा मऊ असल्यानं गंज निघतो आणि खालचं ब्लुइंग बरंचसं वाचतं. उरलेल्याला सगळ्यात बारीक, चार शून्याची स्टीलवूल आणि तेल. ब्लुइंग उडालेलं असेल तर उडालेलं राहू दे, तपकिरी झालेली जुनी नळी मला तरी बघायला आवडते. स्क्रू खोलायचे असतील तर खाचेत तंतोतंत बसेल असा पेचकस घासून करून घ्या, आणि बीएसएच्या स्क्रूचे आटे जुन्या ब्रिटिश मापाचे आहेत, नवी पेठेत मिळणारा मिलिमीटरचा स्क्रू कोंबला की भोक गेलं.

दस्ता अक्रोडाचा असतो बहुतेक. इथल्या उन्हाळ्यात, चाळिशीच्या वर पारा गेला की लाकूड आकसतं आणि मागच्या स्क्रूपाशी बारीक चीर पडते, ती आधी बघा. दबलेल्या खळग्यांवर ओलं कापड ठेवून गरम इस्त्री टेकवा, वाफेनं लाकूड फुगून बरंच वर येतं. रंधा, घासपेपर नको, लाकूड खाली जातं आणि लोखंड वर राहतं. तेल जवसाचं, आणि ते आपल्याकडं भरपूर, पण चटणीच्या जवसाचं कच्चं तेल आठवडाभर चिकट राहतं, रंगाच्या दुकानातलं बॉइल्ड लिनसीड घ्या. तळहातावर दोन थेंब, चोळून चोळून गरम करायचं, पुसायचं, एक दिवस वाळू द्यायचं, असे पातळ हात पाच-सहा. एक गोष्ट ठळकपणे सांगतो, त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून डब्यात कोंबू नका, जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि चिंध्या आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळवा.

एवढी खटपट का करायची असं कुणी विचारलं तर, हे .22 लाँग रायफल काडतूस 1887 साली अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीनं काढलं आणि अजून तेच चालतंय. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटरचं ब्राँझ आणलं ते याच काडतुसावर, आणि तिथल्या टार्गेटवरचा दहाचा गोल अवघा 10.4 मिलिमीटरचा असतो. दुसऱ्या जुन्या बोअरची काडतुसं बंद झाली की रायफल नुसती भिंतीवर, हिचं तसं होत नाही. एनसीसीत पालथं पडून 25 यार्डावर मारलेल्यांना वेगळं सांगायला नको (ती रायफल सरकारी, ती विकत मिळत नाही, हे लोक मला दरवेळी विचारतात). मोठी रेंज हवी तर बालेवाडी आहे. आणि नुसतं बघायची हौस असेल तर अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार बघून या.

ठेवताना चामड्याच्या किंवा फोमच्या कव्हरात ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. निवडणुकीत जमा करायची वेळ आली तर जायच्या आधी आतून बाहेरून तेलाचा जाड हात द्या, माझी एकदा गोणपाटात गुंडाळलेली परत आली होती, गोणपाटाची नक्षी नळीवर उठलेली. घरी आल्यावर पहिल्या दिवशीच साफ करा, आणि उडवायच्या आधी नळीतलं तेल कोरड्या कापडानं पुसून काढा.

तुम्हाला कुणी एखादी दाखवली तर नळीवरच्या शिक्क्यांचा आणि चेंबरच्या कडेचा फोटो टाका, सिरीयल नंबर झाकून. किंमत सोडून बाकीचं सांगतो, किमतीत मी पडत नाही.