उत्तर: गोळीने आराम पडला म्हणून जठराचा व्रण सोडून देऊ नका

वडील ५८ वर्षांचे, ५ किलो वजन उतरलंय, हिमोग्लोबिन ९, जठरात व्रण (अल्सर). बायोप्सीत (व्रणाचे तुकडे काढून केलेल्या तपासणीत) कॅन्सर नाही आणि पॅन्टोप्राझोलने, म्हणजे आम्ल कमी करणाऱ्या पित्ताच्या गोळीने, बरं वाटतंय, मग परत एंडोस्कोपी (दुर्बिणीची तपासणी) कशाला, असं विचारलंयत. वाचून धस्स झालं. आमच्या घरी नेमका इथेच घात झाला.

लहान आतड्याच्या सुरुवातीचा व्रण क्वचितच कॅन्सरचा असतो. जठरातल्या व्रणाचं तसं नाही, त्याची खात्रीच करून घ्यावी लागते. आम्ल कमी झालं की कॅन्सरचा व्रणही वरवर भरून येतो, दुखायचं थांबतं. त्यामुळे आराम पडला यावरून काहीच ठरत नाही.

आधी रिपोर्टात तुकडे किती घेतले ते बघा. एक-दोनच असतील तर त्या 'नाही'वर मी विसंबणार नाही. चारही बाजूंच्या कडा आणि तळ मिळून ६ ते ८ तरी हवेत. नुसत्या तळातून घेतले तर बऱ्याचदा मेलेला भागच हाती येतो. मग ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण, आणि व्रण भरलेला दिसला तरी त्या जागचे तुकडे. 'भरलाय की, आता कशाला?' म्हणून आम्हाला परत पाठवणाऱ्या हॉस्पिटलबद्दल इथे लिहीत नाही, तोंड खराब होईल. तुमच्यासारखं वजन उतरत असताना आणि तुकडे कमी असताना मी ८ आठवडेही थांबले नसते.

हवा भरूनही जठर नीट फुगत नाही असं लिहिलं असेल तर जास्त सावध. एका प्रकारात कॅन्सर आतल्या थरांतून पसरतो, वरचे तुकडे स्वच्छ येतात. तिथे खोल तुकडे, सीटी, एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड (दुर्बिणीतून आतून केलेली सोनोग्राफी) लागतं.

सोनोग्राफी नॉर्मल आहे यात समाधान मानू नका, जठराचं अस्तर तिच्यात नीट दिसत नाही. सीईए या कॅन्सरसाठीच्या रक्ततपासणीवरही निदान होत नाही, पैसे वाचवा.

एच. पायलोरी या व्रण करणाऱ्या जंतूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची तर पित्ताची गोळी २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद असावं लागतं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. पण गोळी डॉक्टरांना विचारूनच थांबवा, विशेषतः ॲस्पिरिन चालू असेल तर. मी डॉक्टर नाही.

लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं. डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असेल तर मात्र व्रणातून रक्त जात असू शकतं, त्याच दिवशी दाखवा. आणि बायोप्सीच्या स्लाइड (काचपट्ट्या) व तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायला तेच लागतात.