वाचकांचे प्रश्न : कालवं फस्त करणारी रापाना

प्रश्न : चेसापीक उपसागराच्या तोंडाशी, किनाऱ्यावर मुठीपेक्षा मोठा, आतून नारिंगी असा शंख सापडला. आशियातून आलेली शिकारी गोगलगाय म्हणतात ती हीच का? ओळखायची कशी? जिवंत सापडली तर काय करायचं? (एक वाचक, नॉरफोक, व्हर्जिनिया, अमेरिका)

नुसत्या नारिंगी रंगावर जाऊ नका. तुमच्याकडच्या स्थानिक गाठाळ शंखांचं तोंडही कधीकधी आतून नारिंगी असतं. आकार पाहा. तुम्ही म्हणता ती आशियाई गोगलगाय, म्हणजे रापाना व्हेनोसा, ठेंगणी आणि रुंद असते. शेवटचा वेढा फुगीर, वरचं टोक आखूड. स्थानिक शंख लांबट असतो आणि खाली त्याची लांब नळी निघते. रापानाच्या तोंडाची आतली कड रुंद, सपाट, गुळगुळीत असते, तर बाहेरच्या ओठाच्या काठावर बारीक दात असतात. पाठीवर आडव्या रेघांमध्ये तपकिरी तुटक ठिपके दिसतात. पूर्ण वाढलेला शंख सुमारे 18 सेंमीपर्यंत जातो.

जिवंत असेल तर पाण्यात परत टाकू नका. पिशवीत घालून बर्फात ठेवा. सापडल्याची तारीख, नेमकी जागा आणि पाण्याची खोली लिहा, आणि तिथल्या सागरी संशोधन संस्थेला किंवा मत्स्य खात्याला कळवा. या उपसागरात ती पहिल्यांदा 1998 मध्ये हॅम्प्टन रोड्सजवळ मिळाली. व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सने त्यानंतर काही वर्षं कोळ्यांना जिवंत गोगलगायीमागे 5 डॉलर दिले. तिच्या पसाऱ्याचा नकाशा बराचसा या कोळ्यांच्या जाळ्यांतून तयार झाला. तळाच्या वाळूत ती बहुतेक वेळ पुरून बसते, फक्त श्वासनळी वर असते. पाणबुड्यालाही ती चटकन दिसत नाही.

प्रश्न : शिकारी गोगलगायी शिंपल्याला भोक पाडून मांस खातात असं वाचलं होतं. रापानाने खाल्लेल्या शिंपल्यांवर मात्र भोक नसतं म्हणे. मग ती मारते कशी? (एक वाचक, देवगड)

भोक पाडतात ती पिल्लं. दातेरी जिभेने घासत घासत ती कवच पोखरतात. गोगलगाय मोठी झाली की पद्धत बदलते. ती रुंद पायाने कालवाला किंवा तिसरीला मिठी मारते, दाट चिकट बुळबुळीत द्रव सोडते आणि शिंपल्याला श्वास घेऊ देत नाही. गुदमरलेला शिंपला जरासा उघडला की सोंड फटीतून आत जाते आणि मांस खरवडून काढते. दोन्ही शिंपा जोडलेल्या, आतून स्वच्छ आणि बाहेरून अखंड राहतात. फार तर काठावर ओरखडे असतात.

कालवांची शेती करणारे इथेच फसतात. मेलेली जोडशिंपली दिसली, भोक नाही, म्हणून रोग पडला किंवा गाळ बसला असं ते धरून चालतात. खरं कारण चार हात लांब वाळूत पुरलेलं असतं. म्हणून जिथे ही गोगलगाय पोचलेली आहे तिथे जोडशिंपली वाढू लागली की आधी काठ भिंगाखाली पाहावेत, मग आसपासची वरची वाळू दाताळ्याने उकरून पाहावी.

प्रश्न : मूळ देशात तिचा एवढा उपद्रव नाही, तर काळ्या समुद्रात काय झालं? (एक वाचक, पुणे)

मूळ घर जपानचा समुद्र, पीत समुद्र, बोहाय समुद्र आणि पूर्व चीन समुद्र. तिथे चीन-कोरियात ती खाण्यासाठी आवर्जून पकडतात. काळ्या समुद्रात ती 1947 मध्ये नोव्होरोसीस्कच्या उपसागरात सापडली. पुढच्या दशकभरात काकेशस आणि क्रिमियाचा किनारा तिने व्यापला. मग बल्गेरिया, रुमानिया, तुर्कस्तान. 1973 मध्ये इटलीत रावेन्नाजवळ, 1998 मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर, 1999 मध्ये दक्षिण अमेरिकेत रिओ दे ला प्लाताच्या मुखाशी.

काळ्या समुद्राचं पाणी महासागराच्या निम्मंच खारं, दर हजार भागांत सुमारे 18 भाग क्षार. त्या पाण्यात तारामासे आणि माकूळ-ऑक्टोपस टिकत नाहीत. रापाना टिकते. म्हणजे शिंपल्यांनी भरलेलं ताट समोर आणि डोक्यावर शत्रू नाही. अब्खाझियाच्या किनाऱ्यावर गुडाउटाचा कालवांचा मोठा पट्टा होता, तो तिने काही वर्षांत संपवला. चेसापीकच्या खालच्या भागातही जागा आधीच मोकळी होती. 1972 च्या ॲग्नेस वादळाने गोड्या पाण्याचा लोंढा आला आणि कालवं पोखरणारी छोटी स्थानिक गोगलगाय तिथून नाहीशी झाली.

दुसरं कारण तिची पैदास. मादी कठीण पृष्ठभागावर अंडपिशव्यांची चटई चिकटवते. एका चटईत 50 ते 500 पिशव्या, एका पिशवीत 200 ते 1,000 अंडी, आणि एका उन्हाळ्यात एकच मादी अशा अनेक चटया घालते. ताजी चटई पांढरट, मग लिंबासारखी पिवळी, अळ्या बाहेर पडायच्या सुमारास काळपट. अळ्या पाण्यात दोन-तीन आठवडे, प्रसंगी ऐंशी दिवसही तरंगतात. एवढ्या वेळात टाक्यांतल्या पाण्यातून त्यांना घेऊन जहाज महासागर ओलांडतं. यातली एक गोष्ट फार बोलकी आहे : परदेशात जिथे जिथे ही गोगलगाय तपासली गेली, तिथे तिच्या मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या, आईकडून येणाऱ्या घटकाच्या) तपासलेल्या जनुकाचा एकच प्रकार आढळला, मूळ घरी मात्र अनेक प्रकार आहेत. मूठभर गोगलगायींपासून इतका पसारा वाढला.

काळपट चटई दिसली तर तोडून पाण्यात टाकू नका. प्रत्येक पिशवी टोकाकडून स्वतंत्रपणे उघडते, त्यामुळे तुकड्यांतूनही तितक्याच अळ्या निघतात. पत्र्याने खरवडून बादलीत घ्या आणि किनाऱ्यावर उन्हात कडक वाळवा.

प्रश्न : खोल समुद्रात बॅलास्टचं (जहाजाचा तोल सांभाळायला टाक्यांत भरलेलं) पाणी बदललं की काम झालं ना? (मरीन इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, मुंबई)

झालं असतं तर बरं होतं. पाणी बदलण्याच्या जुन्या नियमाप्रमाणे ते किनाऱ्यापासून 200 सागरी मैल दूर आणि 200 मीटर खोल जागी बदलायचं होतं, घनफळाच्या 95 टक्के. टाकी रिकामी न करता वाहतं पाणी घातलं तर टाकीच्या तिप्पट पाणी पंप करावं लागतं. अडचण अशी की टाकीच्या तळाच्या फ्रेमच्या (सांगाड्याच्या पट्ट्यांच्या) कोपऱ्यांत गाळ आणि पाणी साचून राहतं, खराब हवेत टाकी अर्धी करणं धोक्याचं असतं, आणि काळ्या समुद्रात किनाऱ्यापासून 200 मैलांवर एकही जागा नाही. त्यासाठी 50 मैलांची सवलत होती, आणि तेवढ्यासाठीही जहाजाला वाट वाकडी करावी लागत असेल तर सक्ती नव्हती. चेसापीकमध्ये रापाना पोचली ती बहुधा अशाच पाण्यातून. नॉरफोकला कोळसा भरायला जहाजं रिकामी, म्हणजे पाणी भरून, येतात.

म्हणून आता पाणी बदलण्याऐवजी शुद्ध करण्यावर भर आहे. 2004 चा बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार 8 सप्टेंबर 2017 पासून लागू झाला. त्यानुसार सोडलेल्या पाण्यात दर घनमीटरला 50 मायक्रॉनपेक्षा मोठे जिवंत जीव 10 पेक्षा कमी असायला हवेत. रापानाची अळी त्या मापात येते, म्हणजे शुद्धीकरण यंत्रणेतली गाळणी नीट असेल तर अडकते. गाळणी तुंबली की काही ठिकाणी ती वळवून पाणी थेट टाकीत घेतात. जहाजावर पाळी (वॉच) करताना पहिल्यांदा तो बायपास, म्हणजे गाळणी टाळणारी वाट, तपासा.

प्रश्न : ती आपल्या कोकणात येईल का? (एक वाचक, वेंगुर्ले)

रापाना व्हेनोसासाठी आपलं पाणी गैरसोयीचं आहे. मूळ घरी ती वर्षभरात सुमारे 4 ते 27 अंशांच्या पाण्यात राहते. कोकणात मे महिन्यात पाणी 30 च्या आसपास जातं, शिवाय भारतीय पाण्यात तिच्याच कुळातल्या रापाना, तारामासे आणि ऑक्टोपस आहेत. मला काळजी वाटते ती त्याच वाटेने येणाऱ्या इतर जीवांची. मायटिलॉप्सिस सॅलेई हा मध्य अमेरिकेचा छोटा शिंपला 1967 मध्ये विशाखापट्टणमला सापडला आणि पुढे मुंबईच्या गोद्यांतही आला. बॅलास्ट पाण्यावरच्या जागतिक प्रकल्पाने 2000 साली जी सहा बंदरं निवडली, त्यांत मुंबई आणि काळ्या समुद्रावरचं ओडेसा दोन्ही होती.

प्रश्न : खाऊन संपवता येणार नाही का? (एक वाचक, ठाणे)

तुर्कस्तान आणि बल्गेरिया ती पकडून जपानला विकतात, आणि वर्षाला हजारो टन उचलूनही ती संपलेली नाही. उलट तळ खरवडणाऱ्या जाळीने उरलेले शिंपल्यांचे थर मोडतात. हाताने पाणबुड्यांकरवी काढणं महाग असतं, पण तळ शाबूत ठेवायचा तर तोच मार्ग आहे.